भाचीच्या हातातला ट्रान्समीटर

ताई, नमस्कार.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. बारा वर्षं झाली, रेडिओ कंट्रोलची विमानं उडवतो. मला कुणी शिकवलं नाही, सात विमानं मोडून शिकलो. माझी भाची नववीत आहे. लहान होती तेव्हापासून माझ्याबरोबर माळावर येते, बॅटऱ्या सांभाळते, पंखाला रबर लावते. दिवाळी झाल्यावर म्हणाली, “मामा, आता मला शिकव की.” माझ्याच चार चॅनेलच्या, म्हणजे हातातल्या ट्रान्समीटरवरून चार हालचाली करता येणाऱ्या, बाल्साच्या हलक्या लाकडाच्या विमानावर सुरुवात केली. चार रविवार बरे गेले. पाचव्या रविवारी उतरवताना तिचं डोकं चाललं नाही. विमान आमच्याकडं तोंड करून येत होतं, ते डळमळलं, तशी मी ओरडलो आणि तिच्या हातातला ट्रान्समीटर हिसकावून घेतला. तरी विमान उसात गेलंच. दोन तासांनी सापडलं, पंख मोडलेला. घरी येईपर्यंत पोरगी एक शब्द बोलली नाही. आता म्हणते, “मामा, मला नाही जमायचं.” बहीण म्हणते, राहू दे, कॉम्प्युटरवर उडवू दे तिला. दुकानदार म्हणतो, जायरोवालं, आपोआप सरळ होणारं विमान घ्या, शिकवायची भानगडच नको. गल्लीतली आणखी दोन पोरं मागं लागलीत, त्यांना हो म्हणायचं धाडस होईना. मी सात मोडून शिकलो, हिचं एक मोडलं तर एवढं काय झालं? माझं चुकलं कुठं आणि आता करू काय?

एक मामा, उद्यमनगर

---

दादा, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडले. ‘तिचं डोकं चाललं नाही.’ मला वाटतं, तिचं डोकं चारचौघांसारखंच चाललं. उतरायचं म्हणून तिनं थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, कमी केला असणार, शेवटचं वळण घेतलं असणार, विमान अपेक्षेपेक्षा खाली येताना दिसलं आणि कुणीही माणूस करेल तेच तिनं केलं: एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी, ओढून त्याला वर धरायला गेली. वेग आधीच कमी, त्यात नाक वर. पंखावरची हवा सुटली, म्हणजे आपण स्टॉल म्हणतो तो झाला, आणि एका बाजूचा पंख पडला. पडलेला पंख उचलायला तिनं एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची विमान कलवणारी पट्टी, दिला असेल तर तो आणखीच बुडाला असेल. कारण त्या बाजूचा एलेरॉन खाली वळला की पंखाचा हवेशी असलेला कोन वाढतो, आणि तो पंख मुळात कोन जास्त झाल्यामुळेच पडलेला असतो. अशा वेळी ओढलेला एलेव्हेटर सोडायचा, नाक खाली जाऊ द्यायचं, थ्रॉटल द्यायचा, वेग आला की मग पंख सरळ करायचे. जमीन समोर दिसत असताना नाक खाली करणं कुणालाही आपणहून सुचत नाही. ते आधी समजावून, भरपूर उंचीवर दहा वेळा करून घ्यावं लागतं. तुम्ही ते करून घेतल्याचं पत्रात कुठं दिसलं नाही.

आता हिसकावण्याचं. समजा विमान पंधरा मीटरवर होतं, चांगल्या वाढलेल्या नारळाच्या झाडाएवढ्या उंचीवर. तिथून एखादी वस्तू खाली पडायला पावणेदोन सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही ओरडलात, ती दचकली, ट्रान्समीटर तिच्याकडून तुमच्याकडं आला, तुमचे अंगठे स्टिकवर बसले, विमान कुठल्या बाजूला कललंय हे तुमच्या डोळ्यांनी पाहिलं. एवढ्यात दोन सेकंद संपलेले असतात. बारा वर्षांचा हात असला तरी त्या उंचीवरून तुम्ही ते विमान सावरू शकला नसता. हिसकावून विमान वाचणारच नव्हतं. तिला कळलं ते एवढंच, की मामाचा आपल्यावर भरवसा नाही. अपघाताची तयारी तर पाच-सात मिनिटं आधीच झाली होती. पाचव्या धड्याला, एलेरॉनवाल्या बाल्साच्या विमानावर, शिकवायच्या केबलशिवाय (तिच्याबद्दल पुढं सांगते), उतरवायला तिच्या हातात दिलंत तेव्हाच. हे मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. चूक नेमकी कुठल्या जागी झाली ते कळलं की ती दुरुस्त करता येते, लेथवर जॉब का बिघडला ते कळल्यासारखं.

‘मी सात मोडून शिकलो’ हे म्हणणं बऱ्याच जुन्या उडवणाऱ्यांकडून मी ऐकलंय, आणि त्यात अभिमान असतो तो रास्तच आहे. पण ती सातही विमानं तुमच्या पैशाची होती, तुमच्या हातची होती आणि मोडताना बहुतेक वेळा माळावर तुम्ही एकटे होता. तुमच्या भाचीनं पहिलं मोडलं ते मामाचं, मामासमोर, मामाचा आरडाओरडा ऐकत. या दोन गोष्टी एका तराजूत बसत नाहीत.

तुम्ही पोहायला कसे शिकलात? आपल्या भागातल्या माझ्या पिढीतली बहुतेक माणसं मळ्यातल्या विहिरीत नाहीतर पंचगंगेच्या घाटावर शिकली. कंबरेला पांगिऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा, भोपळा किंवा रिकामा डबा, आणि काही घरांत त्याच्या जोडीला एक दोरी, जिचं टोक वडिलांच्या नाहीतर काकांच्या हातात. माझ्या वडिलांनी मला असंच शिकवलं. ते विहिरीच्या पायरीवर बसायचे आणि दोरी ढिली सोडायचे, इतकी की ती पाण्यावर तरंगायची. मी नाकातोंडात पाणी जाऊन खाली जायला लागले की एक हिसका. वर आले की दोरी पुन्हा ढिली. वर ओढून पायरीवर बसवलं आणि आजचं बास म्हणाले, असं मला आठवत नाही. दुसऱ्या काही घरांतली मुलं बिंड्याशिवाय ढकलून दिली जायची. त्यातली काही पट्टीची पोहणारी झाली. काही आजही विहिरीच्या कडेला उभी राहत नाहीत, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

विमानाच्या बाबतीत ती दोरी म्हणजे ट्रेनर केबल. बडी केबलही म्हणतात. तुमच्याकडं दोन ट्रान्समीटर असतीलच, बारा वर्षांत एखादा जुना कपाटात पडलेला असतोच. दोन्ही एकमेकांना चालणारे असले तर ट्रेनर पोर्टातून जोडता येतात, काही नव्या ट्रान्समीटरमध्ये केबलशिवायही जोडणी होते. विमान तुमच्या ट्रान्समीटरशी जोडलेलं राहतं. पुष्कळ ट्रान्समीटरवर या कामाचा स्विच स्प्रिंगचा असतो: दाबून धरला तोवर विमान शिकणाऱ्याच्या हातात, सोडला की त्याच क्षणी तुमच्या हातात. हिसकावायला जो दीड-दोन सेकंद गेला तो इथं जातच नाही. तुमचा स्विच साधा वर-खाली होणारा असेल तरी चालेल, फक्त तो घरी बसून शंभरदा न बघता टाकायचा सराव करा.

जोडणी करताना घाई नको. दोन्ही ट्रान्समीटर एकाच मोडचे हवेत. आपल्याकडं बहुतेक जण मोड २ वापरतात, म्हणजे डाव्या हाताला थ्रॉटल आणि रडर (नाक डावी-उजवीकडं वळवणारी शेपटीची उभी पट्टी), उजव्या हाताला एलेव्हेटर आणि एलेरॉन. प्रोपेलर काढून ठेवा, विमान टेबलावर ठेवा, स्विच तिच्याकडं द्या आणि तिला एकेक स्टिक हलवू द्या. ती उजवीकडं देते तेव्हा उजवीकडंच जातंय ना, हे विमानाच्या मागं उभं राहून बघा. मग स्विच इकडून तिकडं टाकून बघा. त्या वेळी एलेव्हेटर किंवा रडर जागचा उडी मारत असेल तर दोन्हींचे ट्रिम, म्हणजे स्टिक मोकळी असतानाच्या जागा, जुळलेले नाहीत. ते हवेत कळण्यापेक्षा टेबलावर कळलेलं बरं. बऱ्याच ट्रान्समीटरमध्ये कोणते चॅनेल शिकणाऱ्याला द्यायचे ते निवडता येतं. पहिल्या काही उड्डाणांत थ्रॉटल तुमच्याकडंच ठेवा. तिला फक्त वळवू दे आणि उंची सांभाळू दे, तेवढं पुष्कळ आहे.

मोठ्या विमानांत शिक्षक आणि शिकाऊ वैमानिक यांच्यात ताबा देण्याघेण्याची ठरलेली बोली असते. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणून मान्य करायचं. ताबा कुणाकडं आहे याबद्दल क्षणभरही शंका राहू नये म्हणून ही शिस्त. तुम्ही तुमची मराठीत ठरवा. मी ‘तुझ्याकडे’ आणि ‘माझ्याकडे’ हे दोनच शब्द वापरते. मी म्हणते “तुझ्याकडे”, मुलगी म्हणते “माझ्याकडे”, मग स्विच. परत घेताना मी शांतपणे “माझ्याकडे” म्हणते, विमान सरळ करते आणि, हे फार महत्त्वाचं आहे दादा, पाच-सहा सेकंदांत “तुझ्याकडे” म्हणून परत देते. घ्यायचं कधी हे तुम्हाला बारा वर्षांच्या अनुभवानं कळेलच. परत कधी द्यायचं ते शिकायला मला जास्त वर्षं लागली.

माझी चूक तुमच्या उलट्या बाजूची होती. मी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी काही मुलांना मैदानावर विमान उडवायला न्यायचे. नववीतला एक मुलगा फार हुशार आणि तितकाच भित्रा होता. तेव्हा माझ्याकडं केबल नव्हती. मी त्याच्या मागं उभी राहून त्याच्या अंगठ्यांवर माझे अंगठे ठेवायचे. एकदाही ओरडले नाही, एकही विमान मोडलं नाही, दीड महिना. मला वाटायचं मी किती छान शिकवते! मग एका सकाळी तो म्हणाला, “बाई, तुम्ही जरा लांब उभ्या राहा ना.” मी हात काढला आणि त्याचं विमान पहिल्याच वळणात जमिनीत गेलं. दीड महिना विमान मी उडवत होते, तो माझ्या हाताखाली नुसता अंगठे टेकवून उभा होता. त्याला ते माझ्या आधी कळलं होतं. वडिलांची ढिली दोरी मला त्या दिवशी नीट समजली.

बोलण्याविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण ट्रेनर केबलनं तुमचे हात सुटतील पण तोंड तुमचंच राहील. विमान हवेत असताना शिकणाऱ्याच्या डोक्यात दोन शब्दांपेक्षा जास्त शिरत नाही. ‘अगं थोडं उजवीकडं घे पण एलेव्हेटर सांभाळून’ यातलं तिच्यापर्यंत फक्त ‘अगं’ पोचतं. ‘सरळ.’ ‘वळ.’ ‘सोड.’ एवढंच. ‘सोड’ हा मला सगळ्यांत उपयोगी पडलेला शब्द आहे. नवशिका हमखास स्टिक दाबून धरतो आणि चांगल्या ट्रेनर विमानाची स्टिक सोडली की निम्म्या वेळा ते आपणच सरळ होतं. आणि ‘डावं-उजवं’ म्हणताना ते विमानाचं की बघणाऱ्याचं, हे जमिनीवर असतानाच पक्कं करा. विमान दूर जात असताना दोन्ही एकच असतं, आपल्याकडं येत असताना उलटं होतं आणि सगळा गोंधळ तिथंच होतो. तुमच्या भाचीचाही तिथंच झाला.

त्यासाठी मी मुलांना टेकू शिकवते. विमान आपल्याकडं तोंड करून येतंय आणि एक पंख खाली गेलाय. डावं की उजवं याचा विचारच करायचा नाही. डोळ्यांना जो पंख खाली दिसतोय त्याच्याच बाजूला स्टिक न्यायची, त्याच्याखाली टेकू दिल्यासारखी. पंख आपल्या उजव्या हाताला खाली दिसला तर स्टिक उजवीकडं. विमान सरळ होतं. कागदावर दोन चित्रं काढून पटवून घ्या, मग तिला अंगणात समोरासमोर उभं करून तुमचे दोन्ही हात पंखासारखे पसरा, एक खाली करा आणि “टेकू” म्हणा. बोट कुठं जातं बघा. चहा होईपर्यंतच्या वेळात चाळीस-पन्नास वेळा होतं आणि काहीच मोडत नाही. सोबत उभं राहण्याची सवयही लावा: अंग विमान जातंय त्या दिशेनं वळवायचं आणि मान किंचित मागं फिरवून बघायचं. सुरुवातीला मदत होते, पुढं आपोआप सुटते.

कॉम्प्युटरबद्दल तुमच्या बहिणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सिम्युलेटर जरूर घ्या, पण ‘त्याऐवजी’ म्हणून नको. खऱ्या ट्रान्समीटरला यूएसबी केबल लावून चालवायचा, कीबोर्डवर किंवा मोबाईलच्या पडद्यावर बोटं फिरवून अंगठ्यांना काही कळत नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं, आणि नेमकं काम देऊन: आज फक्त आपल्याकडं येणारं विमान, उद्या फक्त चौकोनी चक्कर, परवा मुद्दाम स्टॉल करून सावरणं. तिथं तिला कितीही विमानं मोडू दे, तुमची सात ती एका संध्याकाळी ओलांडेल. खरी वाऱ्याची झुळूक, उन्हानं दिपलेले डोळे आणि पोटात पडणारा गोळा हे मात्र माळावरच भेटतं.

जायरोचं माझं मत स्पष्ट आहे. विमान आपोआप सरळ करणारे हे जायरो वाईट नाहीत, घाबरलेल्या मुलीला पहिली दोन-चार उड्डाणं त्यानं धीर येईल. पण तो कायम चालू ठेवून कुणी वळण शिकत नाही, कारण वळणातून बाहेर काढायचं काम तोच करतो. बंद करण्याचा स्विच असेल तरच घ्या, आणि तो स्विच तिच्या हातात ठेवा.

विमान बदला. तुमचं बाल्साचं दुरुस्त करून तुम्हीच उडवा. तिला फोमचं, वर पंख असलेलं, पंखांची टोकं थोडी वर उचललेली असतात तसलं, मीटर-सव्वा मीटर पंखाचं आणि किलोच्या आतबाहेरचं विमान द्या. रडर, एलेव्हेटर आणि थ्रॉटल एवढे तीनच चॅनेल. रडर उजव्या स्टिकवर जोडा, म्हणजे पुढं एलेरॉन आले तरी वळवायचा हात तोच राहतो. प्रोपेलर मागच्या बाजूला बसून विमान पुढं ढकलणारा असेल तर नाकावर आपटून प्रत्येक वेळी तो तुटत नाही. थर्माकोल असेल तर चिकटवताना जपा, झटकन चिकटणारा साधा गोंद थर्माकोल विरघळवतो; ग्लू गन किंवा फोमला चालणारा गोंद वापरा. तोल बघायला दोन बोटं पंखाखाली धरा, पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर. नाक किंचित झुकलं तर ठीक. शेपूट झुकत असेल तर उडवूच नका, बॅटरी पुढं सरकवा.

उंची हा शिकवणाऱ्याच्या हातातला सगळ्यांत स्वस्त विमा आहे. टेकऑफ तुम्ही करा, विमान पन्नास-साठ मीटरवर न्या, म्हणजे नारळाच्या तीन-चार झाडांएवढं, वाऱ्याला तोंड करून सरळ करा आणि मगच “तुझ्याकडे”. त्या उंचीवर तिनं एकापाठोपाठ दोन चुका केल्या तरी तुमच्याकडं वेळ राहतो आणि आवाज चढवायचं कारणच उरत नाही. पहिल्या रविवारी नुसतं सरळ आणि मोठी, पसरट वळणं. मग चौकोनी चक्कर, मग इंग्रजी आठचा आकडा, कारण त्यात दोन्ही बाजूंची वळणं येतात. शिकाऊ माणूस नेहमी एकाच बाजूला वळत राहतो. मग स्टॉल. तो तिला तुम्ही आधी दाखवा, थ्रॉटल कमी, नाक वर, वर, वर... आता बघ पडतंय... सोड, नाक खाली, थ्रॉटल. मग तिला करू दे, तिला कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला म्हणजे भीती गेली.

उतरवणं सगळ्यांत शेवटी. त्याआधी बरेच रविवार तिनं फक्त उतरायला आल्यासारखं यायचं आणि दहा मीटरवरून थ्रॉटल देऊन पुन्हा वर न्यायचं. ‘नाही जमत, वर नेते’ असं तिनं स्वतःहून म्हणणं ही शिकण्यातली मोठी पायरी आहे, त्या वेळी शाबासकी द्या. उतरताना नाक सांभाळतं ते वेगाला आणि थ्रॉटल सांभाळतो तो उंचीला, हे तिला तेव्हा सांगा, आत्ता नको.

एका उड्डाणाला सात-आठ मिनिटं बास. ट्रान्समीटरवर टायमर लावा. शिकणाऱ्याचं डोकं त्यापुढं थकतं आणि लिपो बॅटरीही. तीन सेलची बॅटरी पूर्ण भरली की 12.6 व्होल्ट, ठेवून द्यायची असेल तर सेलला 3.8 च्या आसपास, आणि 3.5 च्या खाली नेऊ नये. चार्जिंगला लावून माणसानं घराबाहेर जायचं नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत ठेवायची नाही. प्रोपेलरची शिस्त तुम्हाला सांगायला नको, दिवसभर लेथच्या फिरत्या चकसमोर उभे राहता. ट्रान्समीटर आधी चालू, विमानाची बॅटरी मागाहून. उतरल्यावर आधी विमानाची बॅटरी काढायची. बॅटरी जोडली की विमान जिवंत समजायचं, प्रोपेलरच्या वाटेत हात न्यायचा नाही.

जागा. 2021 चे ड्रोन नियम आपल्या मॉडेल विमानांनाही लागू होतात. विमान डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरात उडवायचं, आणि दोन किलोपर्यंतचं हौसेसाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. नोंदणीचं मात्र सध्या काय लागतं ते अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या. ड्रोनच्या सरकारी नकाशावर हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच, आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय नाहीच. उजळाईवाडीचा विमानतळ आपल्या इतका जवळ आहे की कोल्हापुरात ही गोष्ट कागदावरची राहत नाही. गोकुळ शिरगावकडचा माळ कितीही मोकळा दिसला तरी तो विसरा. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरच्या त्या नकाशावर तुमची जागा कुठल्या रंगात येते ते बघूनच जा. मी वर सांगितलेली पन्नास-साठ मीटरची उंची 200 फुटांत बसते, म्हणून सगळीकडं तीच सवय ठेवा. रंकाळ्याच्या काठी किंवा गर्दीच्या मैदानात नवशिक्याला कधी नेऊ नका.

शेतमालकाला विचारून, चहूबाजूंनी ऊस नाही असा माळ शोधा. हे सोपं नाही हे मला ठाऊक आहे. ऊसतोड सुरू झाल्यावर मात्र महिन्या-महिन्याला नवी मोकळी जागा होते. तोवर विमानात छोटा बझर बसवा, स्विचवर वाजणारा. विमान उसात गेलं की धावत सुटू नका: जिथं उभे आहात तिथंच राहून पडल्याच्या दिशेला दूरचं एखादं झाड किंवा विजेचा खांब हेरा, दुसऱ्या जागी उभ्या असलेल्यालाही तसंच करायला सांगा. दोन रेघा मिळतात तिथं विमान. दोन तासांचं काम पंधरा मिनिटांत होतं. उसात शिरताना अंगभर कपडे आणि पायात बूट, पाला कापतो आणि जनावराची भीती असतेच.

दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत सकाळी नऊच्या आधीची हवा शिकवायला सोन्यासारखी असते. सूर्य पाठीशी घ्या, सकाळी उडवायचं ते पश्चिमेच्या बाजूला. वारा बघायला आपल्याकडं गुऱ्हाळं आहेत. धुराड्याचा धूर सरळ वर जातोय तोवर तिला द्या, आडवा व्हायला लागला की तुमचं तुम्ही उडवा किंवा आवरा. घारी विमानाच्या मागं लागल्या तर उतरवून घ्या आणि तोवर जेवणाचा डबा उघडून बसा, त्या आपोआप निघून जातात.

गल्लीतल्या पोरांना हो म्हणा, पण भाची चार-सहा रविवार पुन्हा उडवेपर्यंत थांबवा. मग एका वेळी एकच शिकेल, दुसरा आकाशावर आणि रस्त्यावर लक्ष ठेवेल, कुणी माणूस, गुरं, खरं विमान दिसलं की ओरडून सांगेल. ओरडण्याची परवानगी फक्त त्याला. आणि ‘बघ, ती मुलगी असून’ किंवा ‘त्याला तर दोन दिवसांत आलं’ असली तुलना कुणाचीच, कुणासमोरच नको. तुमच्या भाचीला यात खरोखरच रस असेल आणि तिच्या शाळा-कॉलेजात एनसीसीचा हवाई विभाग असेल, तर तिथं विमानाची मॉडेलं बनवणं आणि उडवणं शिकवतात, स्पर्धाही असतात. पण ते पुढचं.

आता आधी करायचं ते. मोडलेला पंख तुम्ही अजून दुरुस्त केला नसेल अशी आशा आहे. रात्री एकट्यानं बसून करू नका. तिला वर्कशॉपवर बोलवा, समोर पंख ठेवा आणि कामाला सुरुवात करायच्या आधी सांगा, “त्या दिवशी चुकलं माझं. उतरवायला तुला लवकर दिलं, आणि हिसकावून घ्यायला नको होतं.” त्यापुढं ‘पण’ नको. ‘पण तू पण जरा’ हे चार शब्द आले की आधीचं सगळं पुसलं जातं. ती काही बोलणार नाही, चौदा-पंधरा वर्षांची मुलं बोलत नाहीत. तिला रिब, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळ्या, कापायला द्या. मोडलेलं कुठून मोडलं, का मोडलं, हे तिच्या बोटांना कळू दे. ज्या वस्तूला आपण जोडलंय ती पुन्हा मोडायची भीती कमी होते, कारण जोडता येते हे माहीत झालेलं असतं. नवं विमान आणलंत तर त्याचीही जुळणी तिनंच करायची, तुम्ही स्क्रू मोजून द्यायचे.

मग विचारा, पुन्हा उडवायचंय का. नाही म्हणाली तर बरं म्हणा, आणि पुढच्या रविवारी नेहमीसारखं बॅटऱ्या सांभाळायला घेऊन जा. महिनाभर ‘नाही’ राहिलं तरी चालेल. हो म्हणाली तर केबल जोडा आणि साठ मीटरवर न्या.

आणि काही महिन्यांनी ती पहिल्यांदा स्वतः उतरवेल, तेव्हा विमान तुमच्या मनातल्या जागेपासून वीस-तीस पावलं लांब थांबेल, कदाचित कलून, नाकाला गवत लागलेलं. धावत जाऊन आणू नका. ट्रान्समीटर हातात घेऊन तिथंच उभे राहा, आणि विमान आणायला तिलाच जाऊ दे.